आयातीच्या दोन ओळी आणि एक करडू

मी नेमकं काय काम करते, हे मला कधी कुणाला एका वाक्यात सांगता आलं नाही. सासूबाईंनी मात्र त्यावर तोडगा काढला होता. लग्नाकार्यात कुणी विचारलं की त्या सांगायच्या, ‘औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला कागद असतो बघा, तो आमची शोभा करते.’ विचारणारा म्हणायचा, ‘म्हणजे छापखान्यात?’ सासूबाई खुशाल मान डोलवायच्या आणि जिलेबी वाढायला सांगायच्या. मी आधी चिडायचे. आता निवृत्त होऊन वर्ष झालं आणि मागं वळून पाहताना वाटतं की याहून बरं वर्णन मलाही जमलं नसतं.

आमचं ऑफिस क्रांती चौकाजवळ, दुसऱ्या मजल्यावर. खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही. आसपासच्या कारखान्यांतून ज्या वस्तू बाहेर पडतात त्यांच्याबरोबर कागद जातात: औषधांची माहितीपत्रकं, यंत्रं चालवायच्या पुस्तिका, सुट्या भागांच्या याद्या. हे सगळे आम्ही तयार करायचो. पूर्वी एकेक पान हातानं मांडावं लागे. नंतर रीत बदलली. मजकूर एका फाइलीत नुसता साठवायचा आणि त्याच्या प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी लावायची की हे औषधाचं नाव, हे जनावराचं वजन, ही मात्रा. तो दिसावा कसा, ते दुसऱ्या फाइलीत लिहायचं. या दुसऱ्या फाइलीला स्टाइलशीट म्हणतात. तिच्यात नियम असतात. मात्रा आली की तक्त्यात उजवीकडं ठेव, इशारा आला की ठळक कर. कम्प्युटर हे नियम मजकुराला लावतो आणि पान तयार होतं. मजकूर एकदाच लिहायचा, आणि त्यातूनच पत्रक, खोक्यावरची माहिती आणि वेबसाइटचं पान काढायचं.

आता हे सगळे नियम आपणच लिहू म्हटलं तर जन्म पुरायचा नाही. तारखा कशा लिहायच्या, आकडे कसे दाखवायचे, याद्या अक्षरांच्या क्रमानं कशा लावायच्या, हे जगात कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं आणि बऱ्याचदा फुकट वापरायला दिलेलं असतं. नियमांच्या अशा तयार गाठोड्याला लायब्ररी म्हणतात. आपल्या स्टाइलशीटच्या डोक्यावर एक ओळ लिहायची की अमुक लायब्ररी आयात कर. तेवढ्यावर तिचे सगळे नियम आपल्या घरात येतात. ती लिहिणारा माणूस कुठल्या देशात बसलाय, म्हातारा आहे की तरणा, काही ठाऊक नसतं. त्याच्या भरवशावर आपण इथं शेळ्यामेंढ्यांच्या औषधांचे कागद काढतो. मला याचं सुरुवातीला फार अप्रूप होतं. अजूनही आहे, फक्त त्यात थोडी धास्ती मिसळली.

सुरुवातीला आम्ही लायब्ररी थेट तिच्या मूळ जागेवरून, इंटरनेटवरून ओढायचो. एकदा नळाच्या पाइपासाठी रस्ता खणताना कुणीतरी केबल तोडली आणि आमचं ऑफिस हातावर हात धरून बसलं. मजकूर आमचा, नियम निम्मे आमचे, मशिनं आमची, पण पान निघेना. त्या दिवसापासून प्रत्येक लायब्ररीची एक प्रत घरात ठेवायची पद्धत पडली. मालक दिलीपराव तिला ‘घरचा साठा’ म्हणायचे.

दुसरा धडा गुलमंडीतल्या एका साडीवाल्यांनी दिला. त्यांचा पैठण्यांचा कॅटलॉग आम्ही केला आणि बाहेरून आणलेल्या लायब्ररीनं रंगांची यादी अगदी बिनचूक अक्षरांच्या क्रमानं लावून दिली. शेठजींनी चष्मा कपाळावर सरकवून ती पाहिली आणि विचारलं की हा अबोली पहिल्या पानावर कशाला आणून बसवला. मी क्रम समजावला. ते म्हणाले, बाया दुकानात येतात तेव्हा आधी मोरपिशी मागतात, मग राणी, आणि अबोली दाखवायची ती गिऱ्हाईक उठायला लागल्यावर. त्यांच्या फळ्यांवरही साड्या तशाच लावलेल्या होत्या. मग आम्ही आमचा वेगळा नियम लिहिला. आयातीत ही एक सोय असते की बाहेरचा नियम नको असला तर आपण त्याच कामाचा आपला नियम लिहायचा, तिथं आपला चालतो.

आणि इथंच खरी मेख आहे. एका स्टाइलशीटमध्ये दोन लायब्ररी आयात केल्या आणि दोघींत एकाच गोष्टीचे दोन वेगळे नियम असले, तर ज्या लायब्ररीची ओळ नंतर लिहिलेली तिचा नियम लागतो. पंगतीत शेवटी वाढून गेलेला पदार्थ पानात वर दिसतो, तसं. कम्प्युटर तक्रार करत नाही, विचारतही नाही.

आता नजमाबद्दल सांगते. नजमा माझ्याबरोबर बरीच वर्षं होती आणि आमच्यात कामाला सगळ्यांत चोख तीच. तिच्या टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणं उभ्या असायच्या. डब्यातली पोळी ती अशी चौघडी घालायची की उलगडावीशी वाटू नये. मी तिला चिडवायचे की तुझ्या नवऱ्याला तू कुठल्या कप्प्यात ठेवतेस. ती हसायची आणि माझ्या टेबलावरचा पसारा आवरायला लागायची. मी पसाऱ्यात वाढलेली, पैठणच्या बाजूच्या शेतकऱ्याची मुलगी. मला तिचा नीटपणा आवडायचा आणि थोडा जाचायचाही.

आमचं एक गिऱ्हाईक चितेगावचे काळेसाहेब. जनावरांच्या औषधांचा त्यांचा छोटा कारखाना आहे. त्यांच्या पत्रकांसाठी आम्ही दोन लायब्ररी आयात करायचो. एक बाहेरची, मोठी, नावाजलेली. तिचा मूळ अवतार यंत्रांच्या सुट्या भागांच्या याद्यांसाठी झालेला, म्हणून तिच्यात नियम होता की नग किंवा परिमाण आलं की आकडा पूर्ण करून दाखव. बरोबरच आहे, अर्धा बोल्ट कुणी विकत घेत नाही. दुसरी आमची घरची छोटी फाइल. तिच्यात मी लिहून ठेवलं होतं की काळेसाहेबांच्या औषधाच्या आकड्याला हात लावायचा नाही, जसा आहे तसा दाखवायचा. आधी बाहेरची ओळ, मग आमची. आमची शेवटी, म्हणून आमचा नियम लागायचा आणि वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चाललं होतं.

मग बाहेरच्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली. ती बसवायचं काम नजमानं घेतलं. बसवता बसवता तिला दिसलं की आयातीच्या ओळी कशाही, मागेपुढे लावलेल्या आहेत. तिनं त्या नावाच्या क्रमानं लावल्या. आमच्या फाइलीचं नाव इंग्रजीतल्या पहिल्या अक्षरानं सुरू होत होतं, बाहेरचीचं शेवटाकडच्या. आमची वर गेली, बाहेरची खाली आली.

तिनं तपासलं नाही असं नाही. गायी-म्हशींचं पत्रक सगळ्यांत मोठं, म्हणून ते जुनं आणि नवं शेजारी ठेवून तिनं रेघ न् रेघ ताडून पाहिली. काहीच फरक नव्हता, कारण मोठ्या जनावरांच्या मात्रा सगळ्या पूर्ण आकड्यांतच असतात. शेळ्यांच्या जंताच्या औषधाचं पत्रक नंतर छापायला गेलं. त्याचा मजकूर जुनाच होता, एक अक्षर बदललेलं नव्हतं. आणि मजकूर बदलला नसेल तर पत्रक गिऱ्हाइकाकडं पुन्हा मंजुरीला पाठवायचं नाही, ही दोन्हीकडची पद्धत.

काळेसाहेबांचा फोन आला तेव्हा मी चहा पीत होते. हा माणूस एरवी फोनवर असा बोलतो की कानापासून वीतभर लांब धरावा लागतो. त्या दिवशी त्यांचा आवाज खाली होता.

‘शोभाताई, करडाच्या रकान्यात अर्ध्याच्या जागी एक पडलंय. अर्धा मिली द्यायचं, कागद म्हणतोय एक मिली.’

त्यांच्या केमिस्टनं खोकी भरणाऱ्यांच्या टेबलावरून सहज एक कागद उचलला आणि त्याच्या नजरेला ते पडलं. लहान करडाला त्या औषधाची दुप्पट मात्रा म्हणजे खेळ नाही, हे मला सांगायची गरज नव्हती. मी शेळ्यांत वाढले आहे. बराचसा माल गोदामातच होता, तो त्यांनी थांबवला होता. एक खोकं मात्र आदल्या दिवशीच पैठणच्या दुकानात गेलं होतं.

मी फाइल उघडली. वरच्या दोन ओळी पाहिल्या आणि समजलं. नजमा माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली होती. तिलाही समजलं.

‘ताई, या ओळी मी लावल्या,’ ती म्हणाली.

तिनं वाकून माउस घेतला, दोन ओळींची अदलाबदल केली, पत्रक पुन्हा काढलं आणि ऑफिसच्या प्रिंटरवर त्याच्या प्रती टाकल्या. मग पर्स उचलली. कुठं निघालीस म्हणून मी विचारलं तर म्हणाली, पैठणला. मी पण उठले. दिलीपराव दारात उभे राहून सांगत होते की फोनवर होण्यासारखं आहे, एवढं जायची काय गरज. आम्ही जिना उतरलोसुद्धा होतो.

एसटीनं चितेगावपर्यंत गेलो. तिथून काळेसाहेबांनी जीपमध्ये घेतलं. रस्ताभर तेच बोलत होते, बहुधा गप्प बसवत नव्हतं म्हणून. नजमा खिडकीतून बाहेर पाहत होती आणि मधूनमधून तिचे ओठ हलत होते. दुकानात पोचलो. दुकानदारानं खोकं पुढं केलं. मोजून पाहिलं तर एक बाटली कमी. त्याला गिऱ्हाईक आठवत होतं. धरणाकडच्या वस्तीवरच्या कौसामावशी. दोन करडं आहेत तिच्याकडं, त्यांच्यासाठी घेऊन गेली.

पुढं काय झालं ते सांगण्याआधी नंतरचं सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला लागायचा नाही. नजमाला कुणी कामावरून काढलं नाही. तिनं दिलीपरावांपुढं राजीनामा ठेवला होता. त्यांनी तो माझ्याकडं सरकवला आणि मी तो फाडून टाकला. आज माझ्या खुर्चीवर ती बसते. तिनं एक नवी पद्धत पाडली आहे. मात्रेचा कुठलाही तक्ता, मजकूर बदलो वा न बदलो, छापायला जाण्याआधी कारखान्यातल्या माणसाला फोनवर मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि त्यानं तो आपल्या मूळ कागदावरून ताडायचा. नवी मुलं कुरकुरतात. कम्प्युटरच्या जमान्यात हे काय पोथी वाचल्यासारखं, असं म्हणतात. नजमा ऐकून घेते आणि वाचायला लावते. तिची टेबलं, कपाटं अजूनही तशीच आहेत, पेन्सिलीही. स्वभाव कुठं जातोय. मला त्याचं बरंच वाटतं.

तर, धरणाकडची वस्ती. जीप थांबली तेव्हा कौसामावशी पत्र्याच्या सावलीत बसल्या होत्या. शेळी दाव्याला होती आणि ओरडत होती. तिच्यापाशी एकच करडू होतं.

काल संध्याकाळी एकाला पाजलं होतं. रात्रीतून त्याच्या तोंडाला फेस आला, सकाळी ते गेलं. मावशींनी हे रागानं सांगितलं नाही, घरातली गोष्ट सांगावी तसं सांगितलं. काळेसाहेबांनी दिलगिरीची सुरुवात केली, मग छपाईचं, लायब्ररीचं काहीतरी बोलायला लागले. मावशी त्यांचं होईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, ‘कागद कुणी केला?’

काळेसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत नजमा पुढं झाली.

‘मी केला, मावशी. चूक माझ्या हातानं झाली.’

करडू दुप्पट मात्रेनंच गेलं की आधीपासून अशक्त होतं, हे नंतर केमिस्टलाही छातीठोकपणे सांगता आलं नाही. नजमानं ती पळवाट कधीच धरली नाही, तेव्हाही नाही.

मावशी तिच्याकडं वळल्या. ‘मला अर्धंच ठावं व्हतं,’ त्या म्हणाल्या. ‘मागल्या सालीबी अर्धंच पाजलं. पर सुनंनं कागद वाचला, म्हणली, एक लिवलंय. म्या म्हणलं, छापलंय म्हंजी इचार करूनच छापलं आसंल. माझंच चुकत आसंल.’

मला तिथं उभं राहवेना. चुका आमच्याकडं नेहमीच होतात. वेलांटी चुकते, चित्र उलटं पडतं, मालकाचं आडनाव बिघडतं. आम्ही दिलगिरी व्यक्त करतो आणि पुन्हा छापतो. पण आमच्या छापलेल्या अक्षरासाठी एखाद्या बाईनं स्वतःला ठाऊक असलेलं मागं सारावं, हे मी कधी मनात आणलं नव्हतं. लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. घरी माझी आईही अशीच होती. छापलेल्यापुढं तीही मान तुकवायची.

दुसऱ्या करडाला औषध द्यायचं राहिलं होतं. त्याचं पोट जंतांनी फुगलेलं, केस उभे राहिलेले. काळेसाहेब म्हणाले की उद्या डॉक्टर पाठवतो, तेच पाजतील.

‘डाक्टर नगं,’ मावशी म्हणाल्या. ‘हिनं कागद केलाय, हीच पाजंल.’

नजमानं आयुष्यात शेळीला हात लावला नव्हता. बकरी ईदला घरी बोकड आला की ती गच्चीवर जाऊन बसायची, हे मला माहीत होतं. तिनं ओढणी कमरेला खोचली. केमिस्टला फोन लावला, करडाचं वजन अंदाजानं सांगितलं आणि मात्रा त्याच्याकडून दोनदा वदवून घेतली. मग बाटलीबरोबर आलेल्या सिरिंजमध्ये औषध ओढलं आणि उजेडात धरलं.

‘अर्धा,’ ती म्हणाली. मला दाखवलं. मीही म्हणाले, अर्धा. मग ती मावशींपाशी जाऊन बसली, त्यांचा अंगठा धरून सिरिंजवरच्या रेघेवर टेकवला आणि म्हणाली, ‘मावशी, इथपर्यंत. अर्धा.’

मावशींनी करडाचा जबडा उघडून धरला. नजमानं औषध आत सोडलं. ते गिळून करडानं मान झटकली, थोडं तिच्या ओढणीवर उडालं.

आम्ही निघायला लागलो तेव्हा मावशी म्हणाल्या, ‘बसा. ह्ये करडू दूध पेस्तवर बसा.’

म्हणून आम्ही बसलो. काळेसाहेब जीपपाशी येरझारा घालत होते. सुनेनं चहा दिला, तो नजमाच्या हातात थंड झाला. करडू कान पाडून एका जागी उभं होतं आणि आम्ही तिघी त्याच्याकडं बघत होतो. आयुष्यभर मी पानं तपासली, पण पान खरं आहे की नाही हे कळायला अशी एखाद्या जनावरासमोर कधी बसले नव्हते. एकदा ते खाली बसलं तेव्हा नजमानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. ते पुन्हा उठलं. ऊन पत्र्यावरून खाली सरकलं. मग ते शेळीकडं गेलं, कासेला दोन ढुसण्या दिल्या आणि प्यायला लागलं. शेपूट हलत होतं.

नजमा रडली. तोंड लपवायचंही तिला सुचलं नाही. मावशींनी तिला रडू दिलं. मग उठल्या आणि म्हणाल्या, ‘जावा आता. अंधार व्हईल.’

मी पर्समधून दुरुस्त केलेला कागद काढला आणि त्यांच्यापुढं धरला. आता हा बरोबर आहे, असं काहीतरी बोलले. मावशींनी कागदाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

‘ऱ्हाऊ द्या. हिनं तोंडानं सांगितलंय, त्येवढं बास.’

त्यांनी तो घेतला नाही. शहराकडं परत येताना तो माझ्या मांडीवर होता. मी तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. एकूण एक अक्षर बरोबर होतं.